अब्रूचे तारण

ज्याच्यापाशी तारण नाही त्याला कर्ज नाही, हा सावकारी व्यवहाराचा जुना नियम आहे. जमीन, सोने, बैलजोडी, शिवणयंत्र, निदान घरातली तांब्यापितळेची भांडी यांपैकी काहीतरी गहाण पडल्याखेरीज पैसा हाती येत नसे, आणि यांपैकी काहीच नसलेल्याला जामीन तरी उभा करावा लागे. २०१९-२०च्या सुमारास मोबाइलवरून कर्ज देणारी जी ॲपे देशभर पसरली, त्यांनी हा नियम मोडल्याचा दावा केला. तारण नको, जामीन नको, पाच मिनिटांत पैसे खात्यात, अशी त्यांची जाहिरात होती. दावा अर्थातच खोटा होता. तारण घेतले जात होते आणि ते मोठ्या काळजीने घेतले जात होते. कर्ज मागणाऱ्याच्या फोनमधील नावांची व क्रमांकांची संपूर्ण यादी, त्याची छायाचित्रे आणि त्याचा ठावठिकाणा हे सारे कर्ज मंजूर होण्यापूर्वीच ॲपच्या मालकाच्या ताब्यात जाई. त्या यादीत कर्जदाराची आई असे, कामावरचा मुकादम असे, उधारी देणारा किराणा दुकानदार असे, मुलीच्या सासरची माणसे असत आणि मुलाच्या शाळेतील शिक्षिकाही असत. माणसाची अब्रू ज्या ज्या घरी नांदते त्या सर्व घरांचे पत्ते एका आठवड्याच्या कर्जापोटी गहाण पडत होते.

कर्जाचे स्वरूप साधारणपणे ठरलेले असे. मागणी पाच हजारांची असेल तर प्रक्रिया शुल्क व अन्य नावांनी दीड हजार आधीच कापून घ्यायचे, साडेतीन हजार हाती द्यायचे आणि सात दिवसांनी पाच हजार परत मागायचे, अशा प्रकारचा हा व्यवहार होता. या आकड्यांचा साधा हिशेब मांडला तर आठवड्याचे व्याज शेकडा जवळजवळ ४३ पडते. वर्षाचे व्याज, चक्रवाढ न धरताही, २,२०० टक्क्यांच्या वर जाते. इतक्या दराने सावकारी करण्याचे धाडस खेड्यातल्या कोणत्याही सावकाराला झाले नसते, कारण त्याला त्याच गावात राहायचे असे. मुदत संपण्याआधीच फोन सुरू होत. प्रथम शिवीगाळ, मग यादीतील नातलगांना संदेश. अमुक इसम चोर आहे, त्याने पैसे बुडवले आहेत, तुम्हांला त्याने जामीन दाखवले आहे, असे त्या संदेशांत लिहिलेले असे. काही ठिकाणी कर्जदाराच्या आप्तेष्टांचा व्हॉट्सॲप गट तयार करून त्यात त्याचे छायाचित्र गुन्हेगारासारखे लावले गेले. कर्जदार स्त्री असेल तर तिचा चेहरा अश्लील चित्राला जोडून ते तिच्या भावाला, दिराला, कार्यालयातील वरिष्ठांना पाठवण्यात आले. हे टाळण्यासाठी माणूस दुसऱ्या ॲपकडून कर्ज काढी आणि पहिल्याचे देणे भागवी.

२०२० च्या डिसेंबरमध्ये तेलंगणात यातून झालेल्या आत्महत्यांमुळे हा प्रकार प्रथम सर्वांच्या नजरेस आला. पोलिसांनी हैदराबाद, गुरुग्राम, बंगळूर आणि पुणे येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, काही चिनी नागरिकांना अटक झाली. रिझर्व्ह बँकेने १३ जानेवारी २०२१ रोजी एक कार्यगट नेमला. त्या गटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतातील अँड्रॉइड फोनधारकांसाठी उपलब्ध असलेली अशी सुमारे १,१०० ॲपे आढळली आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. म्हणजे अपवाद कोणता आणि नियम कोणता, हे ठरवणे कठीण व्हावे अशी स्थिती होती. त्यानंतर एकट्या गूगलने एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात आपल्या दुकानातून २,५०० हून अधिक कर्ज-ॲपे काढून टाकली आणि सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात आणखी २,२०० हून अधिक, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. काढली तितकी नवी उगवत होती, एवढाच याचा अर्थ.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाला फसवणुकीचे आणि परकीय कारस्थानाचे रूप दिले. चिनी मालकाच्या अटकेची बातमी जितकी ठळक छापली गेली तितक्या ठळकपणे ही गोष्ट छापली गेली नाही की, फोनवरून शिव्या देण्याचे काम करणारी मुलेमुली याच देशातील होती आणि त्यांतील बहुतेक जण महिन्याच्या पगारावर, वसुलीचे लक्ष्य डोक्यावर घेऊन बसलेली नोकरदार होती. बेकारीने गांजलेला एक तरुण कर्जाने गांजलेल्या दुसऱ्या तरुणाच्या आईला फोन करून त्याची बेअब्रू करतो आणि त्याचे त्याला वेतन मिळते. माणसाला लाजवणे हे आजवर गावाचे, जातीचे किंवा कुटुंबाचे फुकटचे काम होते. ते आता मजुरीने करून घेता येते, ही या घटनेतील नवी गोष्ट आहे, आणि तिची दखल फौजदारी कायद्यापेक्षा अर्थशास्त्राने घेणे अधिक अगत्याचे आहे.

लाज हा अंतःकरणाचा धर्म आहे असे नीतिशास्त्र सांगते. ते खरे असेलही; परंतु लाजेने माणूस किती वाकतो हे त्याच्या अंतःकरणावर अवलंबून नसते. ज्यांच्यासमोर लाज काढली जाते त्यांच्यावर तो किती अवलंबून आहे, यावर ते ठरते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईबद्दल ‘ही चोर आहे’ असा संदेश त्या चार घरी गेला तर तिचा महिन्याचा पगार धोक्यात येतो. कंत्राटी कामगाराच्या मुकादमाला फोन गेला तर उद्याची पाळी जाते. किराणा दुकानदाराच्या कानावर गेले तर वही बंद होते. हाताशी शिल्लक नसलेल्या माणसाचे सारे आयुष्य उधारीवर, ओळखीवर आणि शब्दावर चालते; अब्रू हे त्याचे खेळते भांडवल असते. श्रीमंताच्या फोनमध्येही हजार नावे असतात, पण त्या हजारांपैकी बहुतेक जण त्याच्यावर अवलंबून असतात, तो त्यांच्यावर नसतो. म्हणून तोच संदेश त्याच्याविषयी फिरला तर तो वकिलाला फोन करतो आणि जेवायला बसतो. ॲपवाल्यांनी कोणाही अर्थशास्त्रज्ञाच्या मदतीवाचून हे गणित नेमके सोडवले होते.

तगाद्यासाठी लाजेचा वापर करण्याची कल्पना त्यांची नव्हती. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसून राहायचे, त्याला जाऊ-येऊ द्यायचे नाही आणि आपल्या उपवासाचे पाप त्याच्या माथी येईल अशी भीती घालायची, ही रीत या देशात जुनी होती. तिचेच नाव धरणे. आज मोर्चा आणि धरणे हे शब्द कार्यकर्त्याच्या तोंडी जोडीने येतात, पण त्यांतला दुसरा चळवळीत आला तो सावकाराच्या वाटेने, हे सहसा ध्यानात राहत नाही. १८६० च्या दंडसंहितेत इंग्रजांनी या प्रकाराला शिक्षा ठेवली आणि कलमाखाली उदाहरण दिले तेच मुळी दारात धरणे धरून बसणाऱ्याचे. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने कर्जदाराच्या मागे मागे फिरणे, त्याच्या घराजवळ घुटमळत राहणे, त्याला धाकदपटशा दाखवणे हा गुन्हा ठरवला. त्या कायद्याची कल्पनाशक्ती कर्जदाराच्या घराच्या उंबरठ्याशी थांबली होती. सावकार एकाच वेळी चारशे उंबरठ्यांवर उभा राहू शकेल, हे १९४६ साली कोणाला सुचणे शक्य नव्हते.

उलट बाजूने, लाज आणि बहिष्कार ही हत्यारे कर्जदारांनीही सावकाराविरुद्ध वापरलेली आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कर्डे गावी १८७४ च्या डिसेंबरात एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून एका देशमुखाचे घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानी कोणी जाईना, त्यांची शेते कोणी कसेना. न्हावी, परीट, सुतार, चांभार या बलुतेदारांनी त्यांची कामे बंद केली. कंटाळून तालुक्याच्या गावी निघालेल्या सावकाराला गाडीवान मिळेना. हे लोण पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयतेने खतांची आणि वह्यांची होळी केली, त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्ज फेडता न आल्याबद्दल शेतकऱ्याला तुरुंगात डांबण्याची रीत बंद झाली. चळवळीतील माणसाला हा इतिहास सांगताना अभिमान वाटतो आणि वाटावाही. मात्र त्याच बहिष्कारात एक गोष्ट अशीही होती की, जे शेतकरी बहिष्कारात सामील झाले नाहीत त्यांच्यावरही गावाने बहिष्कार टाकला. सावकाराकडे बियाण्यासाठी हात पसरावा लागणारा अल्पभूधारक त्यांत असणारच. त्याची कैफियत कोणी लिहून ठेवलेली नाही.

बहिष्काराचे खरे बळ कोणाच्या हाती असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जितके स्पष्ट सांगितले तितके अन्य कोणी सांगितलेले नाही. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल दिलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्यांनी आपले साधे हक्क बजावण्याचा प्रयत्न करताच सवर्ण त्यांना जमिनीवरून काढून टाकतात, मजुरी देत नाहीत, वाण्याकडून जिन्नस मिळू देत नाहीत, रस्ते बंद करतात, असे त्या समितीला आढळले. मारहाणीपेक्षा हे हत्यार अधिक परिणामकारक ठरते, कारण ते कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि अस्पृश्य माणूस पोटासाठी त्याच गावावर अवलंबून असतो. गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली ती या अनुभवाच्या आधारावर. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तसा कायदा २०१६ मध्ये संमत केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. म्हणजे मधली ८५ वर्षे गेली. रायगड जिल्ह्यातील वाळीत प्रकरणे आणि जातपंचायतींचे न्यायनिवाडे समोर आणण्यासाठी अनेक कार्यकर्त्यांना झगडावे लागले तेव्हा तो आला. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे चावडीवर बसलेले पंच होते. मोबाइलमधील पंच कुठे बसतात, हे तो सांगू शकत नाही.

पण या बाबतीत केवळ गुंडांकडे बोट दाखवून अर्थशास्त्राला हात झटकता येणार नाहीत. बांगलादेशातील ग्रामीण बँकेच्या प्रयोगापासून गरिबांना गटाने कर्ज देण्याची पद्धत रूढ झाली. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या बायका तिच्यावर लक्ष ठेवतात, तिच्या घरी जातात, तिला चार शब्द सुनावतात. त्यामुळे तारण नसतानाही वसुली उत्तम होते, असे आढळले. जोसेफ स्टिग्लिट्झसारख्या मान्यवर अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये या परस्पर देखरेखीचे सैद्धान्तिक विवेचन केले आणि विकासाच्या वाङ्मयात ‘सामाजिक तारण’ हा शब्द मानाने वावरू लागला. शेजारणीचा धाक वसुलीला लावण्याला याहून गोंडस नाव सापडले नसते. आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्ज कंपन्यांनी हीच पद्धत नफ्यासाठी रेटली. आत्महत्यांच्या तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. बचत गटांनी महाराष्ट्रात पुष्कळ चांगले काम केले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु वसुलीचे शेकडा ९५-९८ असे आकडे अभिमानाने सांगताना त्यांतील किती भाग मिळकतीतून आला आणि किती भयातून, हा प्रश्न ज्यांनी विचारायचा त्यांनी तो विचारला नाही. ॲपवाल्यांनी शेजारणीची जागा फोनमधील यादीला दिली आणि गटाची बैठक रद्द केली, इतकाच फरक.

आता दुसरे टोक पाहावे. बड्या थकबाकीदारांविषयीची माहिती उघड करण्यास रिझर्व्ह बँकेने दीर्घकाळ नकार दिला होता. ग्राहक आणि बँक यांच्यातील विश्वासाचे नाते हे त्यासाठी कारण होते. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि माहितीच्या अधिकाराखाली अशी माहिती द्यावी लागेल असा निर्णय दिला. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. त्यांपैकी ७.४० लाख कोटींहून अधिक रक्कम मोठ्या उद्योगांची व सेवाक्षेत्रातील बड्या कर्जदारांची होती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे आणि वसुलीचा हक्क कायम राहतो, हे खरे आहे. दोन्हींची गल्लत करून भाषणे ठोकणाऱ्यांनी आपलीच बाजू लंगडी केली आहे. परंतु ७.४० लाख कोटी रुपये थकल्याबद्दल कोणाच्या मुलीच्या सासरी संदेश गेल्याचे ऐकिवात नाही. त्या व्यवहारांची भाषासुद्धा निराळी असते. तेथे तडजोड होते, पुनर्रचना होते, एकरकमी समझोता होतो. जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँकांना समझोता करता येईल, असे रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये स्पष्ट केले. एखाद्याला असा थकबाकीदार म्हणून जाहीर करायचे तर ३० जुलै २०२४ च्या निर्देशांनुसार आधी समितीने पुरावा तपासायचा, कारणे दाखवा नोटीस द्यायची, उत्तराला २१ दिवस द्यायचे, दुसऱ्या समितीने फेरविचार करायचा, मगच नाव आणि आवश्यक तर छायाचित्र प्रसिद्ध करायचे.

हा सारा खटाटोप चुकीचा आहे असे मुळीच नाही. नाव जाहीर करणे ही शिक्षा आहे, आणि शिक्षेपूर्वी आरोप सांगावा, उत्तर ऐकावे, हा न्यायाचा पहिला धडा आहे. २५ लाखांहून अधिक रकमेच्या थकबाकीदाराला तो लागू होतो. पाच हजारांच्या कर्जदाराला मात्र २१ दिवसांची नोटीसच काय, कर्जाची संपूर्ण मुदतही ७ दिवसांची मिळते. बड्यांना मिळालेले संरक्षण काढून घेण्यापेक्षा ते धाकट्यांपर्यंत खाली आणणे ही समाजवाद्यांची मागणी असावयास हवी. सभेत टाळ्या मात्र पहिल्या मागणीलाच अधिक पडतील.

रिझर्व्ह बँकेने काही केले नाही असे नाही. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने वसुली करणाऱ्यांना कर्जदाराची जाहीर मानहानी करण्यास, त्याच्या नातलगांच्या व मित्रांच्या खासगी जीवनात शिरण्यास आणि समाजमाध्यमांतून अनुचित संदेश पाठवण्यास मनाई केली. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्ज-ॲपला फोनमधील नावांची यादी, छायाचित्रे आणि कॉलच्या नोंदी पाहण्याची बंदी घातली, कर्जाची एकूण वार्षिक किंमत आधी सांगणे सक्तीचे केले आणि पैसा कर्जदार व अधिकृत संस्था यांच्या खात्यांतूनच फिरला पाहिजे असे ठरवले. २०२५ च्या मे महिन्यात हे नियम एकत्रित करण्यात आले आणि १ जुलै २०२५ पासून अधिकृत ॲपांची यादी लोकांना पाहता येऊ लागली. हे सर्व नियम योग्य आहेत. अडचण अशी की, ते रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील संस्थांना बांधतात. जो मुळातच तिच्या दारी गेलेला नाही त्याला ते बांधत नाहीत. अशा अनियंत्रित कर्जव्यवहारावर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने २०२४ च्या डिसेंबरमध्ये मतांसाठी प्रसिद्ध केला, तोवर आत्महत्यांच्या पहिल्या बातमीला चार वर्षे झाली होती.

येथे संमतीचा प्रश्नही उपस्थित होतो. कर्जदाराने यादी पाहण्याची परवानगी स्वतःच्या बोटाने दिली होती, असे ॲपवाल्यांचे म्हणणे असते. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बोटाला संमती म्हणावयाचे की नाही, हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या यादीतील चारशे लोकांनी कधी आणि कोणाला संमती दिली? माणसाला स्वतःचा बैल गहाण टाकता येतो, शेजाऱ्याचा नव्हे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, असा उपदेश या संदर्भात नेहमी होतो. काही तरुणांनी नव्या मोबाइलसाठी किंवा चैनीसाठी अशी कर्जे काढली हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून त्यांच्या बहिणीचे अश्लील चित्र फिरवण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही, हे सांगावे लागणे हेच दुर्दैव आहे. शिवाय मार्च २०२० च्या टाळेबंदीत ज्यांचा रोजगार एका रात्रीत गेला त्यांचे अंथरूणच ओढून घेतले गेले होते. पाय पसरण्याचा प्रश्न उद्भवलाच नाही.

सरकारच जेव्हा हे हत्यार उचलते तेव्हा कंपन्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने नागरिकत्व कायद्याविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांची नावे, छायाचित्रे आणि पत्ते लखनौच्या चौकांत फलकांवर झळकवले. न्यायालयात आरोप सिद्ध झालेले नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ९ मार्च रोजी ते फलक काढण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात हे अधिक सोज्वळ रूपात घडत आले आहे. उघड्यावर शौचास जाणाऱ्यांना पहाटे गाठणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ अनेकांच्या स्मरणात असतील. गुलाबाचे फूल देऊन लाजवणे हा त्यांचा कार्यक्रम होता. ज्यांच्या वस्तीत पाणी नाही आणि संडास बांधायला जागा नाही अशा माणसांच्या हाती पहाटे फूल देऊन त्यांचे छायाचित्र काढण्यात विनोद आहे असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटले. संडास किती बांधले आणि त्यांना पाणी किती दिले याचा हिशेब द्यायचा तो प्रशासनाने. लाजायचे मात्र टमरेल घेऊन जाणाऱ्या बाईने, अशी ती वाटणी होती.

या साऱ्यात चळवळीचा आपला हिशेब काय आहे, हे विचारणे अप्रिय असले तरी टाळता येणार नाही. अधिकाऱ्याच्या तोंडाला काळे फासणे, गळ्यात चपलांची माळ घालणे हे प्रकार डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांच्या हातूनही झालेले आहेत. आज त्याला हात लागत नाही. एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याचे छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक ‘याला जाब विचारा’ या ओळीसह शंभर गटांवर पाठवला की काम भागते. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोलाही फोन येऊ लागतात. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांनीही सत्ताधाऱ्यांना लाजवलेच होते. पण त्यांनी ज्यांना गाठले ते खुर्चीवर होते, जाब होता तो महागाईचा म्हणजे त्यांच्या सार्वजनिक कारभाराचा, बायका स्वतः समोर उभ्या होत्या आणि समोरच्याला उत्तर द्यायला तोंड मोकळे होते. असहकाराच्या काळात, १९२०-२१ मध्ये, सरकारच्या बाजूने उभे राहणाऱ्यांवर सामाजिक बहिष्कार टाकण्याची लाट आली होती. त्या वेळी प्रतिपक्षाचे मानपान नाकारणे आणि त्याला पाणी, वैद्य, न्हावी नाकारणे यांत गांधीजींनी भेद केला आणि दुसऱ्या प्रकाराला हिंसा ठरवले. निनावी खात्यावरून एखाद्याच्या घरातल्यांना गाठणे हे यांतील कोणत्या बाजूला पडते, हे ठरवण्यास फार मोठ्या तत्त्वज्ञानाची गरज पडू नये. लाजवल्याने सामर्थ्यवान क्वचितच वाकतो आणि दुबळा हमखास मोडतो. ज्यांचा पक्ष दुबळ्यांचा आहे त्यांना हे हत्यार पेलणारे नाही.

मग करावे काय? पोलिसांत तक्रार द्यावी, १९३० या क्रमांकावर कळवावे, रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या व्यवस्थेकडे नोंद करावी, हे सर्व करायलाच हवे. परंतु लाजेने ग्रासलेला माणूस तक्रारीला बाहेर पडतच नाही, ही खरी गाठ आहे. ती सोडवण्याचे काम पोलीस ठाण्यात होत नाही, वस्तीत होते. अब्रूच्या तारणाला किंमत येते ती संदेश वाचणाऱ्यांमुळे. मुकादमाने, दुकानदाराने, मामाने तो संदेश वाचून कर्जदाराकडे संशयाने पाहिले तर सावकाराची वसुली झाली. त्याच चारशे लोकांनी ‘असले संदेश आम्हांलाही येतात, तू एकटा नाहीस, तक्रारीला बरोबर येतो’ असे म्हटले तर तारणाची किंमत त्या क्षणी शून्यावर येते. कामगार संघटनेच्या द्वारसभेत, महिला मंडळाच्या बैठकीत, चाळीच्या फलकावर हे आधीच बोलून ठेवता येते. संदेश येण्यापूर्वी बोलले गेले तरच त्याचा उपयोग; नंतर बोलणे हे सांत्वन होते. कर्डे गावातील बलुतेदारांनी सावकाराची कामे नाकारली होती. येथे त्याने सोपवलेले एकच काम नाकारायचे आहे, पंचाचे.

आणि कर्जाची गरज? ती उपदेशाने नाहीशी होत नाही. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ मध्ये अत्यल्प उत्पन्न असलेल्यांसाठी ४ टक्के दराची विभेदी व्याजदर योजना आली, त्या काळी समाजवाद्यांनी या निर्णयांना पाठिंबा देताना तारणाऐवजी गरज पाहून कर्ज मिळेल अशी आशा धरली होती. ती योजना उत्पादक कामापुरती होती. अपत्याच्या तापासाठी, घरभाड्यासाठी लागणाऱ्या दोन-पाच हजारांची खिडकी राष्ट्रीयीकृत बँकेत उघडलीच नाही. कारखान्यातील पगारदारांच्या सहकारी पतसंस्थांनी ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली, पण कंत्राटी कामगाराला पगारपत्रकच नसल्याने तिचे दार त्याला बंद आहे. ते दार उघडण्याचा ठराव पतसंस्थांच्या वार्षिक सभांत आणता येईल. तेथे पक्षाचे अनेक जुने कार्यकर्ते संचालक म्हणून बसलेले आहेत. दुसरी एक गोष्ट कागदावर आजही आहे. २०१८ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत उचल घेण्याची तरतूद असून त्यांपैकी २,००० रुपये कोणत्याही अटीविना मिळावयाचे आहेत. आपल्या भागातील शाखेत ही उचल किती खातेदारांना दिली गेली, नाकारली असेल तर कोणत्या कारणाने, आणि अर्ज कोणत्या खिडकीवर स्वीकारला जातो, हे तीन प्रश्न शाखाधिकाऱ्याला लेखी विचारावेत. शाखाधिकाऱ्याचे छायाचित्र काढण्याची गरज नाही. अर्जाची पोच घ्यावी आणि पुढच्या आठवड्यात वीस खातेदारांना बरोबर घेऊन पुन्हा जावे.